केंद्रकाचें अस्तर

पेशीचें विभाजन संपल्यावर गुणसूत्रें सुताच्या गुंत्यासारखीं एकमेकांत मिसळून जात नाहींत, आपापली जागा धरून असतात, असें मत कार्ल राब्लनें १८८५ सालीं मांडलें. पुढें १९०९ सालीं थिओडोर बोव्हेरीनें घोड्याच्या आंतड्यांतील जंताच्या गर्भपेशी तपासून त्यास दुजोरा दिला. परंतु गुणसूत्रांस जागेवर धरतें कोण, हा प्रश्न तसाच राहिला.

उत्तराचा एक भाग भिंतीपाशींच होता. केंद्रकाच्या आवरणाला आंतून तंतुमय अस्तर असतें, असें डॉन फॉसेटनें १९६६ सालीं पृष्ठवंशी प्राण्यांच्या कांहीं पेशींत दाखविलें. १९८० सालीं गेरेस व ब्लोबेल यांनीं त्यांतील प्रथिनांस 'लॅमिन' हें नांव दिलें. तरी अस्तर म्हणजे टेकू, हीच समजूत प्रबळ होती. ती हलविली ती आजारी मुलांनीं.

हचिन्सननें १८८६ सालीं वर्णिलेल्या एका दुर्मिळ रोगांत मूल बालपणींच म्हातारें दिसूं लागतें. केस गळतात, कातडी आक्रसते, आणि उपचार न झाल्यास बहुधा चौदा-पंधराव्या वर्षीं हृदयविकारानें तें दगावतें. लॅमिन-ए च्या जनुकांतील एका अक्षराचा बदल हें त्याचें कारण २००३ सालीं सांपडलें. त्यामुळें पन्नास घटक गमावलेलें प्रथिन आवरणास चिकटून राहतें, केंद्रक वेडेंवांकडें होतें, आणि भिंतीलगत दाटलेलें गुणसूत्रद्रव्य विरळ होतें. टेकू मोडल्यानें एवढा अनर्थ होईल काय?

आम्स्टरडॅम येथें व्हान स्टेन्सेल व त्याच्या सहकाऱ्यांनीं २००८ सालीं एक युक्ति योजिली. लॅमिनाला एक जंतुजन्य विकर जोडलें. अस्तरास टेकणाऱ्या डीएनएवर तें खूण करी. मानवी पेशींत असे तेराशेंहून अधिक पट्टे निघाले, व त्यांतील बहुतेक जनुकें मुकीं होतीं.

पण जनुक भिंतीशीं गेल्यामुळें मुकें होतें, कीं मुकें झाल्यामुळें भिंतीशीं जातें? त्याच वर्षीं निरनिराळ्या प्रयोगशाळांनीं जनुकें मुद्दाम अस्तरास बांधून पाहिलीं. कांहीं मुकीं झालीं, कांहीं बोलतच राहिलीं. मला या विसंगतीचें वाईट वाटत नाहीं. सरसकट नियम सांपडला असता तर चौकशी तेथेंच थांबली असती.

उंदराच्या डोळ्यांतील दंडपेशींत तर सारी मांडणीच उलटी, मुकें द्रव्य मध्यभागीं! तें अस्तराशीं बांधून ठेवणारीं दोन्ही प्रथिनें, लॅमिन-ए आणि आवरणांतील एक, या पेशींत नसतात, हें २०१३ सालीं उघड झालें.