'वर' आणि 'माळ्यावर' : इंग्रजीतील एका शब्दजोडीचा इतिहास

इंग्रजी गद्याच्या अनुवादाची चर्चा होते तेव्हा नामे, क्रियापदे आणि वाक्प्रचार यांच्याकडे जितके लक्ष दिले जाते, तितके 'अप', 'डाउन', 'आउट', 'ओव्हर' या लहान अव्ययांकडे दिले जात नाही. 'अप इन द ॲटिक' या पदबंधात 'इन द ॲटिक'ने स्थळ पूर्णपणे सांगितलेले असते. माळा वरच असतो; मग 'अप' कशासाठी? ते केवळ पादपूरण आहे, हे उत्तर सोपे असले तरी इंग्रजीच्या इतिहासाला धरून नाही.

प्राचीन इंग्रजीत ही दिशादर्शक अव्यये क्रियापदाच्या आधीही येत आणि नंतरही. पुढे त्यांचे स्थान क्रियापदानंतर स्थिरावत गेले. पीटरबरो येथील मठात ११५४ पर्यंत लिहिल्या गेलेल्या इतिवृत्ताच्या अखेरच्या नोंदींत हा कल स्पष्ट दिसतो. परिणामी अव्यय आणि त्यामागून येणारा स्थलवाचक पदबंध यांचा शेजार पक्का झाला, आणि अशा शेजारातूनच काही नवी शब्दयोगी अव्यये निपजली. 'इन' आणि 'टू' यांचा 'इनटू' प्राचीन काळातच झाला होता. 'अप' आणि 'ऑन' यांच्यापासून 'अपॉन' बाराव्या शतकाच्या सुमारास घडला. 'आउट ऑफ' आजही दोन शब्दांत लिहिले जाते, तरी त्याचे कार्य एकाच शब्दयोगीचे आहे. 'ऑनटू' जोडून लिहावे की तोडून, याविषयी मात्र लेखकांत अद्याप एकवाक्यता नाही. तात्पर्य, ज्याला पादपूरण म्हटले जाते ती वस्तुतः शब्दयोगी अव्ययांची जन्मभूमी आहे.

व्याकरणपरंपरेला हे सहजासहजी दिसले नाही. लॅटिनचा आदर्श समोर असल्यामुळे आपल्या नामापासून सुटून पडलेले शब्दयोगी हा दोष वाटे. ड्रायडनने १६७२ मध्ये बेन जॉन्सनच्या लेखनातील वाक्यान्ती येणाऱ्या शब्दयोगींवर आक्षेप घेतला आणि १६६८ मधील आपल्या नाट्यविषयक निबंधाच्या १६८४ च्या आवृत्तीत स्वतःचीही तशी वाक्ये बदलली. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ च्या कोशात क्रियापद आणि अव्यय यांच्या संयोगांची साक्षेपाने नोंद केली. परकीयांना सर्वाधिक अडचण त्यांचीच होते, हे त्याने ओळखले होते. लोगन पिअरसॉल स्मिथने १९२५ मध्ये 'फ्रेझल व्हर्ब' ही संज्ञा रूढ केली. तिच्यामुळे लाक्षणिक अर्थाच्या जोड्यांना प्रतिष्ठा मिळाली. निव्वळ स्थळ सांगणारी जोडी मागेच राहिली. तिच्या दृष्टीने अधिक मूलगामी विचार येस्पर्सनने १९२४ मध्ये मांडला होता. 'ही इज इन' आणि 'ही इज इन द हाउस' यांतील 'इन' हे दोन वर्गांतील दोन शब्द नव्हेत. एकाच शब्दाचे ते पूरकाविना आणि पूरकासह होणारे दोन उपयोग आहेत, असे त्याचे म्हणणे होते.

हा विचार मराठी वाचकाला परका वाटू नये. 'तो वर गेला' यातील 'वर' क्रियाविशेषण आणि 'माळ्यावर' यातील 'वर' शब्दयोगी, असा भेद मराठी व्याकरणे करतात. सामान्यरूपामुळे तो उघडही दिसतो. 'वर माळ्यावर' असे म्हणताना मराठी भाषक एकाच शब्दाची ही दोन्ही रूपे सहज शेजारी ठेवतो. फरक आहे तो क्रमाचा. मराठीत बहुधा प्रवासाचा क्रम शब्दांनी राखला जातो: 'वर माळ्यावर गेला', परंतु 'माळ्यावरून खाली आला'. इंग्रजीत 'डाउन फ्रॉम द ॲटिक' म्हणतानाही अव्यय आधीच येते. कारण ते अव्यय क्रियापदाला लगटून राहिले आहे. त्याचे स्थान वाटेने नव्हे, इतिहासाने ठरवले आहे.

अव्ययाने सांगितलेली दिशा नेहमी भौतिक असते असेही नाही. इंग्लंडमध्ये लंडनला 'अप' जाण्याचा प्रघात आहे, मग निघण्याचे ठिकाण उत्तरेला असो वा उंचावर. मुंबईच्या लोकलचा प्रवासी 'अप' आणि 'डाउन' हे शब्द रोज ऐकतो, त्यांच्या मुळाशी ब्रिटिश रेल्वेचा हाच संकेत आहे. येथे 'वर' असा शब्दशः अनुवाद केला, तर सत्तेच्या केंद्राकडे पाहण्याची नजर हरवते आणि उरतो केवळ चढ.

समीक्षेच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा हाच आहे. स्थलवाचक पदबंध वस्तू कोठे आहे ते सांगतो. पाहणारा कोठे उभा आहे, हे अव्ययावरून कळते. 'डाउन इन द व्हॅली' म्हणणारा निवेदक बहुधा उंचावर असतो. अनुवादकाने नुसते 'दरीत' लिहिले, तर दरी शिल्लक राहते, पण निवेदकाच्या पायाखालचा डोंगर नाहीसा होतो. 'खाली दरीत' असे लिहिण्याची सोय मराठीत पूर्वीपासून आहे. ती न वापरणे म्हणजे एक शब्द वाचवून एक दृष्टिबिंदू गमावणे होय.