टपालसेवा, अमेरिकेची : कायदे आणि आर्थिक स्थिती

‘युनायटेड स्टेट्स पोस्टल सर्व्हिस’ ही अमेरिकी केंद्र सरकारची स्वायत्त संस्था. 1970 च्या मोठ्या टपाल संपानंतर जुने टपाल खाते मोडून 1971 मध्ये ती उभी राहिली. रोजचा खर्च तिने टपाल हशिलातूनच भागवावा, असा दंडक आहे. भारतात टपाल खात्याची तूट केंद्रीय अर्थसंकल्पातून भरली जाते. अमेरिकेत ती सोय नाही. तरीही हशील किती वाढवायचे, आठवड्यातून किती दिवस टपाल वाटायचे, कर्ज किती काढायचे, यांवर कायद्याचा पहारा आहे.

देशभर पत्राला एकच दर, हे जुने बंधन. ॲरिझोनात ग्रँड कॅन्यनच्या खोल दरीत हवासुपाई आदिवासींचे सुपाई हे गाव आहे. तिथे मोटार पोहोचत नाही. टपाल खेचरांच्या पाठीवर लादून सुमारे 13 किमी. पायवाटेने खाली नेतात आणि तिकीट मात्र न्यूयॉर्कच्या पत्राला लागते तेवढेच लागते. हा खर्च तोट्याच्या खात्यात मांडणे अन्यायाचे आहे. सार्वजनिक टपालसेवा चालवायची ती अशाच गावांसाठी.

खरी कोंडी केली ती डिसेंबर 2006 च्या कायद्याने. पत्रांची दरवाढ महागाई निर्देशांकाला जखडली गेली. शिवाय निवृत्तांच्या आरोग्यविम्यासाठी दहा वर्षे दरसाल सुमारे 5.5 अब्ज डॉलर आगाऊ बाजूला काढण्याची सक्ती झाली, तीही ईमेलमुळे पत्रे आटत असताना. 2012 मध्ये जाहीर झालेल्या 15.9 अब्जांच्या तुटीत तब्बल 11.1 अब्ज या तरतुदीचेच होते. त्याच वर्षी 15 अब्जांची कर्जमर्यादा संपली आणि संस्थेने हे हप्ते भरणे थांबवले. शनिवारचे पत्रवाटप बंद करण्याचा 2013 मधील बेत काँग्रेसच्या (अमेरिकी संसदेच्या) विरोधामुळे सोडावा लागला. एप्रिल 2016 मध्ये तर तात्पुरत्या अधिभाराची परवानगी संपली म्हणून, खात्यात तूट असतानाही, 49 सेंटचे तिकीट 47 वर आणावे लागले.

एप्रिल 2022 च्या कायद्याने आरोग्यविम्याच्या आगाऊ तरतुदीची सक्ती उठवली आणि सुमारे 57 अब्जांची थकबाकी माफ झाली. त्या वर्षी हिशेबात 56 अब्जांचा नफा दिसला, तो या माफीमुळे; गल्ल्यात नवा पैसा आला नव्हता. 2024 मध्ये पुन्हा 9.5 अब्जांची तूट आली. पत्रांची संख्या 2001 च्या निम्म्याखाली गेली आहे आणि वाटपाचे पत्ते दरवर्षी वाढतच आहेत. 2020 अखेर टपाल नियामक आयोगाने दरवाढीचा दोर सैल केल्यापासून 55 सेंटचे तिकीट जुलै 2025 पर्यंत 78 सेंटवर पोहोचले.