अर्धवट वस्तूला नाव कशाला?

लिनक्स कर्नलमध्ये रस्टचा प्रवेश २०२२ च्या डिसेंबरात, ६.१ या आवृत्तीबरोबर झाला. पुढच्याच वर्षी ६.४ मध्ये बेनो लॉसिन यांची, वस्तू थेट तिच्या अखेरच्या जागी घडवणारी ‘पिन-इनिट’ ही यंत्रणा आली. तेव्हापासून एक तक्रार कानी येते: एवढ्याशा कामासाठी केवढे हे अवडंबर!

तक्रार करणारे अडाणी नाहीत. म्हणून त्यांचा पूर्वपक्ष आधी नीट मांडतो. सी भाषेत ड्रायव्हर लिहिणारा शून्यांनी भरलेली मेमरी मागून घेतो, लॉक आणि याद्या तयार करतो, इंटरप्ट नोंदवतो. मध्येच काही फसले तर ‘गोटू’च्या पायऱ्यांनी उलट उतरत येतो. तीन दशके हे चालले आहे. मग रस्टमध्येही आधी स्ट्रक्ट बनवावे, नंतर त्याला ‘इनिट’ करावे. एकमेकांवर विसंबलेली फील्ड ‘ऑप्शन’मध्ये, म्हणजे ‘आहे किंवा नाही’ अशा वेष्टनात, ठेवावीत, नाहीतर प्रत्येकाला स्वतंत्र ‘आर्क’ द्यावा. एक नवी मॅक्रो-भाषा शिकायची, तिचे लांबलचक एरर वाचायचे आणि पोटात शेवटी ‘अनसेफ’च निघायचे, तर मिळवले काय?

प्रश्न रास्त आहे. त्यामागचे गृहीतक मात्र चुकीचे आहे.

कर्नलच्या म्युटेक्समध्ये वाट पाहणाऱ्यांची एक यादी असते. ती रिकामी असते तेव्हा तिचे पुढचा आणि मागचा हे दोन्ही पॉइंटर तिच्या स्वतःच्याच पत्त्याकडे बोट दाखवतात. रस्टमध्ये मूल्य हलवणे म्हणजे बाइट उचलून दुसरीकडे ठेवणे. हलवलेल्या मूल्याला त्याची खबर देण्याची सोय भाषेत नाही. असा तयार म्युटेक्स फंक्शनमधून परत केला की यादी जुन्याच पत्त्याकडे पाहत राहते. विहीर बाहेर खणून मग अंगणात आणून ठेवता येत नाही! रस्टमध्ये २०१९ पासून ‘पिन’ आहे खरा, पण तो ‘यापुढे हलणार नाही’ एवढीच हमी देतो. वस्तू पहिल्यांदा त्या जागी घडवायची कशी, यावर तो गप्प. पिन-इनिटमध्ये फंक्शन वस्तू परत करतच नाही. ते वस्तू घडवण्याची कृती परत करते, आणि ती कृती अखेरच्या पत्त्यावरच पार पडते.

‘आधी बनवा, मग इनिट करा’ हा तोडगा कुणाला सुचला नव्हता असे नाही. रस्ट-फॉर-लिनक्सच्या सुरुवातीच्या कोडमध्ये नेमके तेच होते. म्युटेक्सचे ‘न्यू’ अनसेफ होते, आणि वापरण्यापूर्वी दुसरे फंक्शन बोलावण्याची जबाबदारी बोलावणाऱ्यावर टाकलेली होती. पिन केलेल्या स्ट्रक्टमधल्या फील्डपर्यंत पोचायला आणखी एक अनसेफ. म्हणजे ज्याला साधेपणा म्हणतात, त्याची किंमत प्रत्येक ड्रायव्हरलेखक प्रत्येक वेळी मोजत होता. अनसेफ लायब्ररीत एकदा, तपासून लिहिलेले असणे आणि ते शेकडो ड्रायव्हरांत विखुरलेले असणे, हे सारखेच काय?

आता परस्परावलंबनाकडे येऊ. खरा वाद तिथेच आहे.

रस्टमधल्या इंटरप्ट-नोंदणीचेच उदाहरण घ्या. त्या स्ट्रक्टमध्ये हँडलर असतो, आणि कर्नलकडे नोंदणी करताना त्याच स्ट्रक्टचा पत्ता द्यावा लागतो. नोंदणी झाली त्या क्षणापासून इंटरप्ट केव्हाही येऊ शकतो, दुसऱ्या सीपीयूवरसुद्धा. हँडलर त्याआधी पूर्ण घडलेला हवाच. सीमध्ये या दोन ओळी उलटसुलट झाल्या तर कंपायलर काही बोलणार नाही. पिन-इनिटमध्ये फील्ड लिहिलेल्या क्रमानेच घडतात. आधी घडलेले फील्ड पुढच्याला नावाने वापरता येते आणि न घडलेल्याला नावच नसते. मध्येच एखादे फसले तर तोवर घडलेली फील्ड उलट क्रमाने मोडली जातात, बाकीच्यांना हात लागत नाही. गोटूच्या पायऱ्या हाताने लिहाव्याच लागत नाहीत, तर त्या चुकणार कशा? सगळी फील्ड घडण्याआधीच ‘झाले’ म्हणून बाहेर पडण्याची पळवाटही मॅक्रोने बुजवली आहे.

आणि ऑप्शन-आर्कचा उपाय? प्रत्येक आर्कसाठी वेगळी मेमरी मागावी लागते, आणि कर्नलमध्ये अशी मागणी नाकारली जाऊ शकते. जितके आर्क, तितक्या फसण्याच्या जागा. ऑप्शन तर त्याहून वाईट. घडणीच्या काही क्षणांपुरती असलेली अर्धवट अवस्था तो प्रकारात आयुष्यभरासाठी कोरून ठेवतो. मग हँडलरमध्ये दर वेळी विचारायचे: आहेस का? ‘नाही’ या उत्तराचे करायचे काय? पॅनिक झाले तर सगळे यंत्रच कोसळते. पॅनिक टाळायचे तर कधीच चालू नये अशी शाखा लिहा आणि ती सांभाळत बसा. याला साधेपणा म्हणणाऱ्यांनी वाचकांपुढे असा एखादा हँडलर ठेवावा.

एररच्या लांबीबद्दलची तक्रार मला मान्य आहे. तो गैरसोयीचा मुद्दा आहे, सुरक्षिततेचा नाही.

पण पिन-इनिटच्या भक्तांनीही हुरळून जाऊ नये. आधीच्या फील्डचा मिळणारा संदर्भ घडणीपुरताच टिकतो. तो कायमचा जपायचा तर कच्चा पॉइंटर आणि अनसेफ पुन्हा आलेच. इंटरप्ट-नोंदणीतही ते आहेत. त्याहून मोठी उणीव मोडण्याच्या क्रमाची. घडण फसली तर फील्ड घडणीच्या उलट क्रमाने मोडतात. पण पूर्ण झालेले स्ट्रक्ट मोडताना रस्ट स्ट्रक्टच्या व्याख्येतला क्रम पाळते. दोन क्रम, दोन वेगळ्या ठिकाणी लिहिलेले. म्हणूनच इंटरप्ट-नोंदणीच्या व्याख्येत नोंदणी वर आहे आणि हँडलर खाली, तर घडणीत हँडलर आधी आणि नोंदणी नंतर. सामायिक इंटरप्टची नोंद काढण्याच्या बेतात असताना मुद्दाम एक खोटा इंटरप्ट पाठवण्याची चाचणी-सोय कर्नलमध्ये आहे, ती नोंदणी सुटण्याआधीच हँडलर मोडण्यासारख्या चुका पकडण्यासाठी. व्याख्येतल्या त्या दोन ओळी वर-खाली करून पाहा. हँडलर आधी मोडेल, नोंदणी नंतर सुटेल, आणि कंपायलर हूं की चूं करणार नाही. तक्रार करायची तर ती ही करा.