एका वॅटचा हिशेब

मागच्या व्याख्यानानंतर तुमच्यापैकी एका काकांनी आम्हाला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "आमच्या वाड्यात एकच रेडिओ होता, तोही व्हॉल्व्हचा. त्याची ताकद ती काय असणार? तरी सकाळच्या बातम्या मागच्या पडवीपर्यंत ऐकू यायच्या, त्या कशा?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर द्यायला बसलं की शंभर वर्षं मागे जावं लागतं. म्हणून आज तोच विषय घेतलाय. समोर टेबलाच्या दोन्ही बाजूंना जी लाकडी खोकी दिसताहेत, ती आम्ही घरी बांधलेली आहेत. मध्ये आहे तो व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर. एका बाजूला जेमतेम साडेतीन वॅट देतो.

आधी काकांच्या रेडिओचं. तशा रेडिओत शेवटचा, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा व्हॉल्व्ह पुष्कळदा ईएल ८४ जातीचा असे. एकटा चालवला की तो पाचेक वॅट देतो. पुढे एकच स्पीकर, आणि मागून उघडी लाकडी पेटी. आज खिशात मावणाऱ्या ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यावरही याहून मोठा आकडा छापलेला असतो. तेव्हा प्रश्न वॅट किती हा नाहीच. त्या वॅटचं पुढे होतं काय, हा आहे.

स्पीकर मोजायची रीत अशी आहे. त्याला एक वॅट द्यायचा, एक मीटरवर माइक ठेवायचा आणि डेसिबल मोजायचे. शेल्फवर ठेवायचा आजचा छोटा स्पीकर ८४-८५ डेसिबल देतो. हलका कागदी शंकू आणि दांडगं चुंबक असलेला वीस सेंटिमीटरचा जुन्या पद्धतीचा स्पीकर ९५च्या घरात जातो. दहा डेसिबलचा फरक म्हणजे वॅटमध्ये दहापट. या स्पीकरला साडेतीन वॅट देऊन जेवढा आवाज मिळतो, तेवढ्यासाठी त्या छोट्याला पस्तीस वॅट लागतात. बाकीचे वॅट गेले कुठे? कॉइल तापवण्यात. स्पीकर हे तसं फार उधळं यंत्र आहे. चांगल्यातला चांगलाही दिलेल्या विजेच्या काही टक्केच आवाजात बदलतो.

आता इतिहास. आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे चुंबकात हलणारी कॉइल आणि तिला चिकटवलेला कागदाचा शंकू, त्याचं व्यवस्थित शास्त्र मांडलं ते जनरल इलेक्ट्रिकमधल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी, १९२५च्या एका शोधनिबंधात. पुढच्याच वर्षी तो स्पीकर आरसीएने 'रेडिओला १०४' म्हणून बाजारात आणला. गंमत अशी, की त्याच्या कपाटातच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला होता, आणि तो होता एक वॅटचा! त्या काळच्या घरगुती रेडिओंकडून तेवढीही ताकद मिळायची नाही, म्हणून ती सोबत द्यावी लागली. म्हणजे एक वॅट ही तेव्हा चैन होती. वीज स्वस्त असो की महाग, व्हॉल्व्हमधून निघालेला प्रत्येक वॅट महागच होता. मोठा व्हॉल्व्ह, मोठा ट्रान्सफॉर्मर, जास्त व्होल्ट, सगळंच वाढत जायचं.

त्याच सुमारास सिनेमा बोलू लागला. अख्खं थिएटर भरायचं तर काय करणार? वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या इंजिनिअरांनी उत्तर शोधलं ते भोंग्यात. गणपतीच्या मांडवावर किंवा देवळाच्या शिखराखाली लावलेला भोंगा आपण सगळ्यांनी पाहिलाय. भोंगा स्वतः ताकद निर्माण करत नाही. शंकू छोटा, समोरची हवा मोकळी, त्यामुळे शंकू नुसताच हवेत हात मारतो, हवेवर त्याची पकड बसत नाही. भोंग्यात हवेचा एक स्तंभ अरुंद तोंडापासून हळूहळू रुंद होत जातो, आणि शंकूला ढकलायला काहीतरी मिळतं. ३०० बी हा त्यांचा १९३८चा प्रसिद्ध व्हॉल्व्ह एकटा चालवला तर साधारण आठ वॅट देतो. तेवढ्यावर आणि भल्यामोठ्या भोंग्यांवर छोटी थिएटरं चालायची.

घरगुती स्पीकरच्या कथेतला पुढचा माणूस लंडनचा, पॉल व्हॉइट. एडिसन बेल या रेकॉर्ड कंपनीत इंजिनिअर होता, ती नोकरी संपल्यावर १९३३मध्ये त्याने स्वतःची छोटी कंपनी काढली. चुंबक जितकं जबरदस्त तितकं चांगलं, हे त्याचं वेड. त्याच्या दोन कल्पना आजही घरोघरच्या खोक्यांत जिवंत आहेत. पहिली म्हणजे मोठ्या शंकूच्या मधोमध चिकटवलेला एक छोटा शंकू. वरच्या पट्टीत मोठा शंकू दमतो, तेव्हा छोटा पुढे होतो, आणि एकाच कॉइलवर जवळजवळ सगळं सप्तक निभावतं. वेगळा ट्वीटर नको, मधे सूर वाटून देणारा क्रॉसओव्हर नको. यालाच 'फुल-रेंज' म्हणतात. दुसरी कल्पना म्हणजे एका टोकाला निमुळती, बंद आणि दुसऱ्या टोकाला उघडी अशी लांब पेटी, स्पीकर तिच्या अधेमधे. हौशी मंडळी अजून तिला 'व्हॉइट पाइप'च म्हणतात. सहा सरळ फळ्यांत होते, एकही वक्र काप नाही. सुतारकामात आमच्यासारखे अडाणी असलेल्यांचं दैवतच म्हणा! व्हॉइट १९५०मध्ये कॅनडाला निघून गेला. त्याच्या भागीदारीतून उभी राहिलेली लोदर कंपनी मात्र त्याच धर्तीचे स्पीकर करत राहिली.

मग हे सगळं मागे का पडलं? लोक म्हणतात, ट्रान्झिस्टर आला म्हणून. आमच्या मते ते अर्धं उत्तर आहे. ट्रान्झिस्टरच्या आधीच, १९५४मध्ये, अमेरिकेत एडगर विल्चर या शिक्षकाने 'एआर-१' नावाचा स्पीकर आणला. छोटी, पूर्ण बंद पेटी. आत कोंडलेली हवाच स्प्रिंगसारखी वापरायची, शंकू जड ठेवायचा. त्यातून खर्ज इतका खोल निघाला, की लोक चकित झाले. किंमत एकच, त्याला वॅट फार लागायचे. विल्चरच्या पहिल्या सहकाऱ्यांपैकी अँटन हॉफमन. त्याच्या नावाने एक नियम सांगितला जातो, त्याला 'लोखंडी नियम' असंच नाव पडलंय. खोल खर्ज, लहान पेटी आणि थोडक्या वॅटमध्ये मोठा आवाज, या तिन्हींतल्या दोनच गोष्टी मिळतील. आणि हे नुसतं बोलणं नाही, त्यात गणित आहे. खर्ज निम्म्या कंपनसंख्येपर्यंत खाली न्यायचा आणि बाकी काही सोडायचं नाही, तर पेटी आठपट करावी लागते.

आता १९५८चा विचार करा. स्टिरिओच्या रेकॉर्डी बाजारात आल्या. एकाऐवजी दोन स्पीकर हवेत. घरात एक कपाट कसंबसं मावलं असेल, दुसरं कोण ठेवू देणार? लोकांनी लहान पेटी निवडली. आम्हालाही त्यात काही चूक दिसत नाही. पुढे साठच्या दशकात ट्रान्झिस्टरने वॅट स्वस्त करून टाकले, आणि मग कार्यक्षमतेची कुणाला फिकीरच राहिली नाही. व्हॉल्व्ह हरला तो आवाजात नव्हे, जागेच्या हिशेबात.

तरीही एका देशात ही जोडी टिकली. तो देश जपान, जिथे घरं लहान! हे कोडं आम्हाला बरेच दिवस सुटत नव्हतं. उत्तर कलेत किंवा आध्यात्मिक आवडीत शोधायचा मोह होतो, पण सुरुवात झाली करापासून. युद्धानंतर जपानमध्ये तयार रेडिओवर जबर कर होता, सुट्या भागांतून स्वतः जोडलेला रेडिओ त्यामानाने फार स्वस्त पडायचा. टोकियोत अकिहाबारा स्टेशनच्या आसपास सुट्या भागांचे ठेले लागले. १९४९मध्ये रस्त्यावरचे ठेले हटवायचा हुकूम निघाल्यावर ही मंडळी रेल्वेच्या पुलाखाली सरकली, आणि तिथे गल्लीबोळांचा अख्खा बाजार उभा राहिला. आपला लॅमिंग्टन रोड ज्यांनी पायाखाली घातलाय, त्यांना वर्णनाची गरज नाही. हातभर रुंदीचं दुकान, आत माणूस, आणि त्याच्या मागे डबेच डबे. अशा बाजारात वाढलेली पिढी सोल्डरिंग आयर्न घेऊन मोठी झाली. स्पीकरही तिने सुटाच विकत घेतला. फॉस्टर कंपनीचा एफई १०३, दहा सेंटिमीटरचा फुल-रेंज, १९६४चा. पुढे फॉस्टेक्स या नावाने तो जगभर गेला आणि त्याचे वंशज आजही विकले जातात.

नुसता स्पीकर मिळून काय होणार, पेटी कोण सांगणार? इथे तेत्सुओ नागाओका हे नाव येतं. जन्म १९२६, मृत्यू २०००. मूळचा हा माणूस रेडिओसाठी विनोदी प्रहसनं लिहिणारा लेखक. पुढे ऑडिओवर लिहू लागला आणि शेकडो पेट्यांचे आराखडे छापले. त्याचं वैशिष्ट्य आराखड्यापेक्षा त्याच्या कापणीच्या नकाशात होतं. जपानमध्ये प्लायवूडचा ठरलेला तावा असतो, साधारण ९० बाय १८० सेंटिमीटरचा. नागाओका त्या एका तावावर सगळे तुकडे असे बसवायचा, की भुसा सोडून फार काही वाया जाऊ नये. नकाशा लाकूडवाल्याकडे द्यायचा, तुकडे कापून घरी आणायचे आणि गोंद लावून रविवारी जोडायचे. त्याची 'हंस' नावाची पेटी तर नुसती बघण्यासारखी आहे. डोक्याच्या जागी छोटा डबा, त्यात दहा सेंटिमीटरचा स्पीकर. खाली सडपातळ मान, आणि मानेतून खाली उतरत पोटात घड्या घालत गेलेला भोंगा. शंकूच्या पाठीमागचा जो आवाज एरवी पेटीत कोंडून मारला जातो, तो इथे वाया जाऊ देत नाहीत. पुढून मधली आणि वरची पट्टी, मागून भोंग्यातून खर्ज. मांडवावरचा भोंगा घडी घालून कपाटात ठेवल्यासारखं आहे हे.

आमच्या पहिल्या प्रयत्नाची फजिती सांगतो, कारण तिच्यात एक मुद्दा दडलाय. आपल्याकडे तावा आठ बाय चार फुटांचा मिळतो, म्हणून आम्ही नकाशा आमच्या अकलेने बदलला. आतली एक फळी बोटभर तिरपी बसली आणि एका सांध्यात फेविकॉल कमी पडला. तंबोऱ्याच्या रेकॉर्डला पेटी शिट्टी वाजवू लागली. सांधा बुजवला, शिट्टी गेली. मग घरच्या ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायरवर लावून पाहिलं, तर आवाज स्वच्छ पण रोडका, तबल्याच्या डग्ग्यात जीवच नाही. तीच पेटी व्हॉल्व्हवर लावली आणि डग्गा जागा झाला. आम्ही पहिले दोन दिवस "व्हॉल्व्हची जादू" म्हणत फिरलो. नंतर लक्षात आलं, जादू नाही. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्प्लिफायर शंकूचा लगाम घट्ट धरतो. फीडबॅक नसलेला साधा व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर तो सैल सोडतो, त्यामुळे खालच्या पट्टीत शंकू जरा मोकळा हलतो आणि खर्ज थोडा फुगतो. मोठं चुंबक असलेल्या स्पीकरचा खर्ज मुळात आखडलेला, त्याला हे पथ्यावर पडतं. उलट, सैल शंकूच्या, लहान चुंबकाच्या स्पीकरला हाच अ‍ॅम्प्लिफायर लावलात तर डग्ग्याचं ढोलकं होईल. जोडी जमते ती अशी, दोघांचे दोष एकमेकांना खाऊन टाकतात म्हणून.

दोषांचं आलंच आहे तर तेही सांगतो. या खोक्यांवर पखवाज किंवा ऑर्गनचा अगदी तळाचा खर्ज ऐकायची अपेक्षा ठेवू नका, लोखंडी नियम इथेही आहेच. स्पीकरच्या समोर बसलात तर तार सप्तक स्पष्ट, दोन खुर्च्या बाजूला सरकलात की मंद. मोठा वाद्यवृंद मोठ्याने लावला की साडेतीन वॅट संपतात आणि सगळं एकमेकांत मिसळतं. पण एक गळा, एक तंबोरा, एक हार्मोनियम असं असेल, तर सगळा आवाज एका बिंदूतून येतो, आणि गाणारा माणूस नेमका कुठे बसलाय ते कळतं. आम्ही यासाठीच हा खटाटोप करतो, बाकीच्यासाठी नाही.

एक गोष्ट मात्र खटकते. गरजेतून जन्मलेली ही विद्या आता जुन्या नावांच्या नादाने महाग झालीय. वेस्टर्न इलेक्ट्रिकच्या जुन्या ३०० बीच्या जोडीला लोक जी किंमत मोजतात, तेवढ्यात नागाओकाने कितीतरी वाचकांची घरं स्पीकरांनी भरली असती. तुम्हाला करून बघायचं असेल तर तिकडे जाऊ नका. दहा सेंटिमीटरचे दोन फुल-रेंज, प्लायवूडचा एक तावा, आणि चुका करायची तयारी एवढं पुरे. असा छोटा स्पीकर ८९-९० डेसिबल देतो, साध्या खोलीला तेवढं भरपूर झालं. पहिली पेटी बिघडेल. बिघडू द्या.

काका, तुमच्या वाड्याचं उत्तर मिळालं ना? हलका शंकू, उघडी पेटी, आणि मुख्य म्हणजे त्या वेळची शांतता. पडवीत तेव्हा पंखा नव्हता, रस्त्यावर गाड्या नव्हत्या.

आता एक ध्रुपद लावतो. ज्यांना व्हॉल्व्ह जवळून बघायचे आहेत त्यांनी रेकॉर्ड संपल्यावर रांगेने पुढे यावं. मुलांना मागे धरा आणि कुणीही आत बोट घालू नका. बंद केल्यावरही तिथे बराच वेळ तीनशे व्होल्ट बसलेले असतात.