हंसाच्या वाटेवर सह्यांचा काय उपयोग?

स्थलांतरित पक्ष्यांसाठी देशोदेशीचे प्रतिनिधी जमतात, ठराव करतात, फोटो काढतात आणि पांगतात. पक्षी मात्र वाचतो तो तळ्याकाठी पहारा करणाऱ्या चार माणसांमुळे. हे वाक्य पक्षीप्रेमींच्या कुठल्याही सभेत उच्चारा, माना डोलतातच. करारांची रटाळ भाषा वाचली की आपलीही मान डोलू लागते. तरीही हे मत मला मान्य नाही. ते का मान्य नाही हे दाखवायला मी एकच पक्षी घेतो, लहान श्वेतभाल हंस.

आखूड गुलाबी चोच, डोळ्याभोवती पिवळे कडे आणि कपाळावरून माथ्याकडे चढलेला पांढरा पट्टा, ही त्याची खूण. नॉर्वेच्या फिनमार्कपासून थेट सायबेरियापर्यंत टुंड्रा प्रदेशात तो घरटी करतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला उत्तर स्कँडिनेव्हियात त्याची संख्या दहा हजारांच्या वर असावी, असा अंदाज आहे. 2008 च्या सुमारास तिथे वन्य जोड्या उरल्या जेमतेम वीस.

आता पूर्वपक्ष त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडू. पहिला आक्षेप असा: 1995 मध्ये हेग येथे झालेल्या आफ्रिका-युरेशिया पाणपक्षी कराराने 2008 मध्ये या हंसासाठी कृती आराखडा मंजूर केला खरा, पण ज्या रशियात आणि कझाकस्तानात हा पक्षी मारला जातो ते देश त्या कराराचे सभासदच नाहीत. करारापाशी पोलीस नाहीत, न्यायालय नाही, दंड नाही. दुसरा आक्षेप: स्वीडनने कुणाची वाट न पाहता आपल्यापुरता थवा उभा करून दाखवला, मग परिषदा हव्यात कशाला? तिसरा आक्षेप आपल्याकडे जास्त ऐकू येतो. प्रत्येकाने आपापल्या जागा राखाव्या आणि बंदूक बंद करावी, बाकी पक्षी पाहून घेतील.

पहिल्या आक्षेपाचे उत्तर फिनमार्कमध्येच आहे. पोर्सांगर फ्योर्डच्या काठी वाल्दाकची दलदल आहे. वसंतात हे हंस तिथे उतरतात, चरतात आणि मग घरट्यांकडे जातात. नॉर्वेत हे हंस चांगले राखले होते. हिवाळ्यात ग्रीसच्या केर्किनी सरोवरावर आणि एव्रोस नदीच्या मुखाशी, वाटेत हंगेरीच्या होर्तोबाजच्या माळांवर, सगळीकडे कमी-अधिक संरक्षण होते. तरी आकडा घटतच होता. राखणदार जागेवर होते आणि हंस गळत होते, आणि गळती कुठे आहे हे एकाही देशाला आपल्या हद्दीत उभे राहून दिसत नव्हते.

2006 पासून वाल्दाकला पकडलेल्या काही हंसांच्या अंगावर उपग्रहाला संदेश देणारी यंत्रे बसवली गेली. त्यांतून जे कळले ते या विषयातले सर्वांत रंजक प्रकरण आहे. ज्या जोडप्याची पिल्ले जगतात ते फिनमार्कमध्येच पिसे झाडते आणि शरदात पिल्लांना घेऊन होर्तोबाजमार्गे सरळ ग्रीसला उतरते. ही वाट त्यातल्या त्यात सुरक्षित. पण ज्या जोडप्याची अंडी किंवा पिल्ले गेली ते तिथे थांबत नाही. ते पूर्वेकडे उडते, उत्तर रशियात दूरवर जाऊन पिसे झाडते, मग ओब नदीच्या खोऱ्याने खाली उतरून कझाकस्तानच्या गव्हाच्या शेतांत येते आणि तिथून पश्चिमेला काळ्या समुद्राकडे वळत ग्रीस गाठते. भला मोठा वळसा! कझाकस्तानात शरद म्हणजे शिकारीचा ऐन हंगाम. म्हणजे पिल्ले गमावलेले हंस बंदुकीच्या तोंडी जात होते, आणि तेही प्रौढ, पुढच्या वर्षी पुन्हा अंडी घालू शकणारे.

यावर नॉर्वेने काय करावे? कझाकस्तानवर दबाव आणावा हे सुचायला परिषद लागत नाही. नॉर्वेने आपल्या घरात लाल कोल्हे मारायला घेतले. हा कोल्हा उत्तरेकडे सरकत टुंड्रात शिरला आहे आणि अंडी-पिल्ले खातो. घरटे वाचले तर जोडपे पूर्वेला जात नाही, आणि पूर्वेला गेले नाही तर कझाक शिकाऱ्याची गाठ पडत नाही. फिनमार्कचा कोल्हा आणि कझाकस्तानातल्या कोस्तानायची बंदूक यांचा हा धागा कुठल्याच देशाच्या वनखात्याच्या फायलीत सापडला नसता. (कोल्ह्यांचे एरवीचे भक्ष्य असलेल्या लेमिंग या उंदरांसारख्या प्राण्यांची संख्या दर काही वर्षांनी फुगते आणि कोसळते, त्यामुळे कोल्हे मारल्याचा नेमका किती फायदा झाला हे वेगळे काढणे अवघड आहे. संशोधकांत त्यावर वाद आहे आणि तो असणे रास्तच आहे.) हंगेरीत आणि ग्रीसमध्ये त्याच सुमारास युरोपीय निधीतून पहारा, कुरणांची निगा, शिकाऱ्यांशी बोलणी अशी कामे चालू होती. पुढच्या दशकात हा थवा शंभराच्या आसपास पोहोचला. दहा हजारांपुढे शंभर म्हणजे काहीच नाही, हे कबूल. पण घसरण थांबून चढण लागली, एवढे तरी या पक्ष्याच्या बाबतीत फार काळाने घडले.

तेव्हा पूर्वपक्षाचा हेतू खरा, निष्कर्ष खोटा. करारापाशी पोलीस नाहीत हे बरोबर. पण तो पोलिसाच्या कामासाठी झालाच नव्हता. पक्ष्याचे वर्ष अनेक देशांत विभागलेले असते. कोणत्या महिन्यात कुठे तोटा होतो हे ताडून पाहायचे आणि मग कोणी काय करायचे ते ठरवायचे, हे त्याचे काम. दंड करता येत नाही म्हणून त्याला निकामी ठरवणे म्हणजे वैद्याकडे तलवार नाही म्हणून त्याला नावे ठेवण्यासारखे आहे.

बंदूक बंद करा, हा उपायही वाटतो तितका सरळ नाही. या हंसासोबत त्याचा थोरला भाऊबंद, मोठा श्वेतभाल हंस, एकाच थव्यात उडतो, आणि त्याची शिकार अनेक देशांत कायदेशीर आहे. पहाटेच्या अंधुक उजेडात डोक्यावरून जाणाऱ्या थव्यात पिवळे कडे कोण पाहणार? लहानाला कागदावर पूर्ण संरक्षण आणि मोठ्याला खुला हंगाम, अशा व्यवस्थेत लहानाचे संरक्षण नाममात्रच ठरते. आणि बंदूक खरेच थांबली तरी काम संपत नाही. मोठ्या श्वेतभालाची ग्रीनलंडमधली शाखा पाहा. आयर्लंडमध्ये तिची शिकार 1982 पासून बंद, आइसलँडमध्ये 2006 पासून. तरी 1999 च्या सुमारास पस्तीस हजारांवर असलेली तिची संख्या पुढे वीस हजारांच्या खाली आली, कारण घरट्यांतून पुरेशी पिल्लेच बाहेर पडेनात.

आता स्वीडन. लाम्बार्ट फॉन एसेन यांनी 1980 च्या दशकात एक विलक्षण युक्ती केली. बंदिवासातल्या लहान श्वेतभालाची पिल्ले त्यांनी बार्नॅकल हंसांच्या पंखाखाली वाढवली. पालक हिवाळ्यात नेदरलँड्सला जात, म्हणून पिल्लेही त्यांच्यामागे जाऊ लागली आणि पूर्वेची धोक्याची वाट टळली. युक्ती बिनतोड होती, यात शंका नाही. एकट्या देशाच्या हिमतीचा दाखला म्हणून ती पुढे केली जाते, पण गोष्ट तिथे संपत नाही. बंदिवासातल्या त्या पक्ष्यांत मोठ्या श्वेतभालाचे रक्त मिसळले असल्याचे जनुकीय तपासणीत दिसले आणि 1999 नंतर पक्षी सोडणे थांबले. पुढे शुद्ध वंश हवा म्हणून स्वीडनला रशियातून वन्य हंस आणावे लागले. हिवाळा तर आधीपासूनच डचांच्या कुरणांवर चालू होता. एकट्याने केले म्हणायचे आणि दोन देशांचा आधार घ्यायचा, याला आपल्या शास्त्रकारांनी वदतोव्याघात म्हटले असते.

आपल्या जागा राखा, बाकी पक्षी पाहून घेतील, असे म्हणणाऱ्यांनी भरतपूर आठवावे. तिथल्या केवलादेव उद्यानाला कुंपण होते, कायदा होता, 1985 मध्ये जागतिक वारशाचा मानही मिळाला. साठच्या दशकात तिथे शंभराहून अधिक सायबेरियन क्रौंच येत. 2001-02 च्या हिवाळ्यात शेवटचे जोडपे आले. हे पक्षी अफगाणिस्तान आणि पाकिस्तानवरून येत आणि त्या वाटेवर मारले जात. या क्रौंचासाठीचा आंतरराष्ट्रीय सामंजस्य करार 1993 चा, म्हणजे भरतपूरला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरल्यानंतरचा. प्रतिपक्ष याकडे बोट दाखवून म्हणेल, करार होता तरी पक्षी गेला. मी म्हणेन, करार निदान वीस वर्षे आधी व्हायला हवा होता.

राहिला सभासदत्वाचा प्रश्न. रशिया आणि कझाकस्तान सह्या करणाऱ्यांत नव्हते, पण तिथले संशोधक मोजणीत होते आणि तिथली माहिती याच जाळ्यातून पुढे येत होती. 2022 च्या युक्रेन युद्धानंतर रशियाशी असलेले हे संशोधनसंबंध बरेचसे आटले. यावरून सहकार्य किती नाजूक असते हे सिद्ध होते, असे कोणी म्हणाले तर मी वाद घालणार नाही. पिल्ले गमावलेले फिनमार्कचे हंस मात्र अजून पूर्वेला उडतात, आणि त्यांच्या वर्षातले कित्येक आठवडे आता नॉर्वे, हंगेरी किंवा ग्रीस यांपैकी कुणालाही पूर्वीसारखे दिसत नाहीत.