सर्फ संगीताचा नाद आणि विद्युत गिटारचा पिकअप : मुंबईच्या चित्रपटसंगीताच्या संदर्भात एक ऐतिहासिक विचार

प्रस्तावना

संगीताचा इतिहास लिहिताना गायक, रचनाकार, राग आणि घराणी यांची दखल साक्षेपाने घेतली जाते. वाद्याच्या अंगात बसविलेल्या चुंबकाची व तांब्याच्या तारेची दखल मात्र सहसा घेतली जात नाही. 1960 नंतरच्या दशकात हिंदी चित्रपटगीतांत विद्युत गिटारचा जो टणत्कारी, धारदार आणि ओलसर नाद ऐकू येऊ लागला, त्यास ‘पाश्चात्त्यांची नक्कल’ असे नाव देऊन विषय संपविण्याची आपल्याकडे प्रथा आहे. नक्कल होती हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु तो नाद ज्या वस्तूतून निर्माण होतो, ती वस्तू भारतीय वादकांच्या हातात सर्फ संगीताच्या जन्मापूर्वीच आलेली होती, ही गोष्ट या प्रथेमुळे झाकली जाते. ती वस्तू म्हणजे गिटारचा चुंबकीय पिकअप. प्रस्तुत निबंधात सर्फ संगीतासाठी कोणता पिकअप निवडला गेला, तो का निवडला गेला आणि त्या निवडीचा मुंबईच्या ध्वनिमुद्रणाशी कोणता संबंध पोहोचतो, याचा विचार केला आहे.

पिकअपचे कार्य

मायकेल फॅरडे याने 1831 मध्ये सिद्ध केलेले विद्युतचुंबकीय प्रवर्तन हे पिकअपचे मूलतत्त्व होय. चुंबकाभोवती अतिशय बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे दिलेले असतात. पोलादी तार त्यावर कंप पावली की चुंबकीय क्षेत्र हलते व वेटोळ्यात क्षीण विद्युत्प्रवाह उत्पन्न होतो. तो ध्वनिवर्धकाकडे जातो. म्हणूनच आतड्याची किंवा नायलॉनची तार असलेल्या वाद्याला असा पिकअप चालत नाही.

हे तत्त्व वाद्यात प्रथम यशस्वीपणे उतरले ते हवाई बेटांच्या गिटारसाठी. मांडीवर आडवी ठेवून पोलादी कांडीने वाजविण्याची ही पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जोसेफ केकुकू याच्या नावाशी जोडली जाते. जॉर्ज बोशँ व ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी 1931-32 मध्ये ॲल्युमिनियमची जी विद्युत गिटार तयार केली, ती या हवाईयन पद्धतीचीच होती. तिच्या तारा नालाच्या आकाराच्या चुंबकांमधून जात. या शोधाचे पेटंट 1937 मध्ये मिळाले. पुढे लिओ फेंडर यानेही आपल्या उद्योगाचा आरंभ मांडीवरच्या स्टील गिटारपासून केला. 1950 च्या सुमारास त्याने उभी धरून वाजवायची ठोकळा-गिटार काढली तेव्हा तिच्या घोडीजवळचा पिकअप आपल्याच स्टील गिटारच्या पिकअपवरून घेतला. 1954 च्या स्ट्रॅटोकास्टरच्या रचनेत त्याला साहाय्य करणारा फ्रेडी टावारेस हा स्वतः हवाई बेटांतील माउई येथे जन्मलेला स्टील गिटारवादक होता. लाटांवर फळी घेऊन स्वार होण्याचा खेळही हवाईचाच. तेव्हा कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर खेळ आणि नाद हे दोन्ही एकाच बेटसमूहातून येऊन भेटले, असे म्हणण्यास हरकत नाही.

सर्फ संगीत आणि पिकअपची निवड

सर्फ संगीताचा भर थोडक्या वर्षांचा, साधारणतः 1961 ते 1964 पर्यंतचा. त्याचा अध्वर्यू डिक डेल (1937-2019) हा बोस्टनमध्ये जन्मलेला, लेबनी पित्याचा मुलगा. 1961 मध्ये बाल्बोआच्या रँदेव्हू नृत्यगृहात त्याने तरुणांची गर्दी खेचली. 1962 मध्ये त्याने ‘मिसिर्लू’ ही पूर्व भूमध्य प्रदेशात परिचित असलेली धून विद्युत गिटारवर विलक्षण द्रुत लयीत वाजविली. या धुनेचे स्वर मराठी श्रोत्यास परके वाटू नयेत, कारण कोमल रिषभ व कोमल धैवत आणि बाकी सारे शुद्ध, अशी ही सप्तकरचना भैरव थाटाचीच आहे. अर्थात राग म्हणून तो भैरव नव्हे. चलन अगदी निराळे आहे. एकाच तारेवर नखीचे अखंड वर-खाली प्रहार करण्याची त्याची रीत सतारीतील झाल्याची किंवा मँडोलिनच्या कंपित वादनाची आठवण करून देते.

हा नाद साधण्यासाठी त्या काळच्या वादकांसमोर मुख्यतः तीन पिकअप होते, आणि तिन्ही फेंडरचे एकवेटोळी. स्ट्रॅटोकास्टरचा पिकअप अरुंद व उंच. तारेचा फार थोडा भाग तो ‘ऐकतो’ आणि म्हणून त्याचा नाद काचेसारखा स्वच्छ. 1958 च्या जॅझमास्टरचा पिकअप रुंद व चपटा. त्याने नाद अधिक भरीव होतो. जॅझ वादकांसाठी काढलेली ही गिटार जॅझ वादकांनी फारशी स्वीकारली नाही आणि समुद्रकिनाऱ्यावरच्या पोरांनी उचलली. निर्मात्याच्या मनातील उपयोग आणि इतिहासातील उपयोग यांची अशी फारकत वाद्यांच्या बाबतीत वारंवार आढळते. 1962 च्या जॅग्वारमध्ये पिकअपच्या दोन्ही बाजूंना दाते असलेली लोखंडी पट्टी बसविली गेली. तिने चुंबकीय क्षेत्र आवळले जाते व बाहेरची गुणगुण काहीशी अडते. जॅग्वारच्या तारांची लांबीही आखूड, 24 इंच. त्यामुळे स्वर चटकन उमटून चटकन विरतो.

याच सुमारास दुसरा पर्याय हाताशी होता. गिब्सन कंपनीच्या सेथ लव्हर याने सिद्ध केलेला द्विवेटोळी ‘हंबकर’ 1957 पासून गिटारमध्ये येऊ लागला होता. एकमेकांविरुद्ध जोडलेल्या दोन वेटोळ्यांमुळे विजेची गुणगुण त्यात मावळते. तांत्रिकदृष्ट्या तो अधिक प्रगत. तरीही सर्फ संगीताने तो घेतला नाही आणि यामागे निव्वळ रुचीचा प्रश्न नव्हता. वेढे जितके अधिक, तितकी वेटोळ्याची प्रवर्तकता अधिक. स्ट्रॅटोकास्टरच्या पिकअपची प्रवर्तकता सुमारे सव्वादोन हेन्री धरली आणि जोडतारेची धारिता हिशेबात घेतली, तर त्याचा अनुनाद चार हजार हर्ट्झच्या किंचित वर येतो. हंबकरची प्रवर्तकता साधारण दुप्पट. त्याचा अनुनाद तीन हजारांच्या आसपास उतरतो. शिवाय त्याची दोन वेटोळी तारेचे दोन निरनिराळे बिंदू एकदम ऐकतात, त्यामुळे काही उपस्वर परस्परांना छेदतात. परिणामी नाद गोलसर, दाट व मऊ होतो.

सर्फ संगीतास नेमके याच्या उलट हवे होते. फेंडरने 1961 मध्ये बाजारात आणलेल्या स्वतंत्र रिव्हर्ब पेटीत लांब स्प्रिंगा असतात. स्प्रिंगमधून निरनिराळ्या कंप्रता निरनिराळ्या वेगाने धावतात, म्हणून तीक्ष्ण आघात तिच्यात शिरला की तो विस्कटून थेंब पडल्यासारखा ‘टपक्’ असा बाहेर येतो. सर्फ वादकांच्या बोलीत यालाच ‘ड्रिप’ म्हणतात. आघात बोथट असेल तर थेंब पडत नाही. याचा अर्थ असा की पिकअप एकटा निवडता येत नाही. पिकअप, जाड तारा, तळव्याने दाबलेला नखीचा आघात, स्प्रिंगांची पेटी आणि न फाटता मोठा आवाज देणारा ध्वनिवर्धक ही एक साखळी आहे. डेलसाठी तयार झालेल्या शोमन ध्वनिवर्धकाचा पंधरा इंची भोंगा याच साखळीचा शेवटचा दुवा होता. आजही हा नाद शोधणाऱ्याने मर्यादित वेढ्यांचा एकवेटोळी पिकअप घ्यावा व गुणगुण सोसावी. ‘अधिक जोरकस’ म्हणून विकले जाणारे जास्त वेढ्यांचे पिकअप या कामी निरुपयोगी ठरतात. जॅझमास्टरचा पिकअप आणि गिब्सनचा पी-90 हे दोन्ही रुंद दिसतात म्हणून एकच समजण्याची चूक सर्रास होते. पी-90 मध्ये चुंबक वेटोळ्याखाली आडवे असतात, जॅझमास्टरमध्ये ते कांडीच्या रूपाने वेटोळ्यातच उभे असतात. दोहोंचा नाद वेगळा पडतो.

मुंबईचे ध्वनिमुद्रण

भारतात विद्युत गिटार प्रथम रुजली ती हवाईयन रूपात. हवाईयन वादकांच्या दौऱ्यांनी, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यास वास्तव्य केलेल्या टाऊ मो याच्यामुळे, ही पद्धत येथे लोकप्रिय झाली. मींड आणि घसीट हा आपल्या संगीताचा प्राण असल्याने पडद्यांचे बंधन नसलेली ही गिटार भारतीय कानास लगेच रुचली असावी. व्हॅन शिपली व हजारासिंग यांनी विद्युत गिटारवर वाजविलेल्या चित्रपटगीतांच्या धुनांच्या ध्वनिमुद्रिका घरोघरी वाजल्या. शब्दाविना, केवळ गिटारवर चाल ऐकण्याची सवय भारतीय श्रोत्यास अशा ध्वनिमुद्रिकांनी लावली. सर्फ संगीताचा गाभाही शब्दविरहित गिटारचाच होता, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

या पार्श्वभूमीवर 1965 चा ‘गुमनाम’ पाहावा. दिग्दर्शक राजा नवाथे, संगीत शंकर-जयकिशन. त्यातील ‘जान पहचान हो’ या महंमद रफी यांच्या गीतात गिटारचा जो ठसकेबाज, धावता तुकडा आहे, तो सर्फ संगीताच्या कुळातील आहे याबद्दल जाणकारांत दुमत नाही. 2001 च्या ‘घोस्ट वर्ल्ड’ या अमेरिकी चित्रपटाने हे गीत पुन्हा जगापुढे आणले. पडद्यावर टेड लायन्स अँड हिज कब्ज हा वाद्यवृंद दिसतो. परंतु पार्श्वसंगीताच्या पद्धतीत दिसणारे हात व वाजविणारे हात वेगळे असतात. म्हणून पडद्यावरील गिटारवरून नादाचे निदान करणे ही पद्धतीची चूक होय. शंकर-जयकिशन यांच्या वाद्यमेळाची मांडणी गोव्याचे सबॅस्टियन डिसूझा करीत, तर तालाची बाजू गोव्याचेच दत्ताराम वाडकर सांभाळीत. श्रेयनामावलीत संगीतकार व साहाय्यकांची नावे येत. तंतुवाद्ये, शिंगे व गिटार वाजविणारे बहुतेक वादक अनामिक राहिले. ग्रेगरी बूथ यांच्या 2008 च्या ‘बिहाइंड द कर्टन’ या ग्रंथाने या वादकांच्या मुलाखतींतून तो पडदा काही अंशी दूर केला. मराठीत त्या तोडीचे काम झालेले नाही, हे मराठी संगीतेतिहासाचे उणेपण आहे. सी. रामचंद्र यांच्यासारखा पुणतांब्याचा मराठी संगीतकार 1940 च्या दशकापासून पाश्चात्त्य वाद्यमेळ वापरीत असताना तरी ते व्हावयास हवे होते.

मुंबईत धारदार नादच का टिकला, याचे उत्तर केवळ अनुकरणात सापडत नाही. संपूर्ण वाद्यमेळ व गायक एकाच वेळी, एकाच दालनात, एकाच पट्टीवर मुद्रित होत असे. पन्नासएक व्हायोलिनांच्या गर्दीत मऊ, दाट गिटार बुडून जाते. दोन ते चार हजार हर्ट्झच्या पट्ट्यात जोर असलेली गिटार वर तरंगते. चित्रपटगृहांतील तत्कालीन ध्वनियंत्रणा फार उंच कंप्रता कापून टाकीत असे. म्हणजे जो नाद उरावयाचा तो या मधल्या-वरच्या पट्ट्यातच उरणार होता.

हीच गोष्ट नभोवाणीची. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे माहिती व नभोवाणी मंत्री असताना आकाशवाणीवरून चित्रपटगीते मागे पडली आणि श्रोते रेडिओ सिलोनकडे वळले. ‘बिनाका गीतमाला’ 1952 पासून तेथून ऐकू येऊ लागली; आकाशवाणीने 1957 मध्ये विविध भारती सुरू करून त्यास उत्तर दिले. लघुलहरींवरून येणारा ध्वनी अरुंद पट्ट्याचा. त्यात ट्रान्झिस्टरचा तळहाताएवढा भोंगा, ज्याला खर्ज पेलत नाही. नागझिऱ्याच्या जंगलालगत, तिरोडा तालुक्यातील चोरखमाऱ्यासारख्या गावात (हा भाग 1999 पर्यंत भंडारा जिल्ह्यात होता) मुंबईचे चित्रपटसंगीत पोहोचण्याचा स्वाभाविक मार्ग हाच होता. खरखरीतून बास गिटार तेथे पोहोचत नसे, व्हायोलिनांचा थर विरून जाई, आणि एकवेटोळी पिकअपचा टणत्कार मात्र शाबूत राही. कॅलिफोर्नियात हा पिकअप स्प्रिंगेसाठी निवडला गेला; भारतात तो भोंग्याच्या कसोटीस उतरला. कारणे भिन्न, निवड एकच.

आयातीचे निर्बंधही विसरता येत नाहीत. 1957 च्या परकीय चलनटंचाईनंतर परदेशी वाद्य मिळणे दुरापास्त झाले. ज्याच्या हाती जी गिटार आली ती त्याने वाजविली. कलकत्त्यात बनलेल्या गिटारींवर कैकांनी भागविले. कॅलिफोर्नियातील वादक तीन पिकअपांतून एक निवडीत होता, तर येथला वादक हाती आलेल्या पिकअपातून हवा तो नाद काढीत होता. ‘निवड’ हा शब्द दोन्हीकडे वापरताना हा फरक ध्यानी ठेवणे आवश्यक आहे.

बॅन्जोची शाखा

या इतिहासाची एक शाखा महाराष्ट्रात अजून जिवंत आहे, आणि संगीतशास्त्राच्या अभ्यासकांनी तिच्याकडे पाहिलेले नाही. जपानमधील नागोया येथे गोरो मोरिता याने 1912 मध्ये ‘ताईशोगोतो’ हे टंकलेखन यंत्रासारख्या कळांचे तंतुवाद्य निर्माण केले. भारतात ते बुलबुलतरंग झाले व महाराष्ट्रात ‘बॅन्जो’ या नावाने ओळखले जाऊ लागले. अमेरिकी बॅन्जोशी त्याचा संबंध नाही. तारा पोलादी असल्यामुळे त्यास चुंबकीय पिकअप सहज बसतो. पिकअप बसल्यावर हे घरगुती वाद्य मिरवणुकीचे झाले. गणेशोत्सवात व लग्नाच्या वरातीत ताशा-ढोलांच्या गजरावर मात करून गाण्याची चाल ऐकविण्याचे काम त्याकडे आले, आणि त्या कामासाठी कारागिरांनी ठेवला तो तोच कडक, तारेचा प्रत्येक प्रहार मोकळा ऐकविणारा नाद. बॅन्जोवादक उजव्या हाताने नखीचे जे अखंड प्रहार करतो, ते डिक डेलच्या प्रहारांहून तंत्रदृष्ट्या वेगळे नाहीत, आणि त्याने ते त्याच्याकडून घेतलेलेही नाहीत. 2016 मध्ये रवी जाधव यांनी ‘बॅन्जो’ हा हिंदी चित्रपट काढला, तेव्हा या वादकांकडे शहरी प्रेक्षकांचे घटकाभर लक्ष गेले. त्यांचे पिकअप कोण बनवितो, वेढे किती देतो, चुंबक कोठून आणतो, याची नोंद मात्र आजही दुरुस्तीच्या दुकानांतच आहे.