नेम हाताचा, दोष लाकडाचा

रायफल तीच, नेमबाज तोच, काडतुसे एकाच पेटीतली. तरीही बोल्ट-ॲक्शन शिकारी रायफलीची गोळी आज एकीकडे, उद्या दुसरीकडे का लागावी? खापर सहसा हातावर फुटते.

१८९९ मध्ये क्रांझ व कोख या जर्मन संशोधकांनी बार उडताना होणारी नळीची कंपने छायाचित्रांत पकडली. १९०१ मध्ये मॅलक यांचा याच विषयावरील निबंध लंडनच्या रॉयल सोसायटीने प्रसिद्ध केला. गोळी नळीत जेमतेम एक-दीड मिलिसेकंद असते. तेवढ्यात पोलादी नळी लवते. दर वेळी ती सारखीच लवली, तर नेम जुळवून घेता येतो. खरा घात होतो तो हे लवणे बदलल्यामुळे.

ते बदलवणाऱ्यांपैकी एक म्हणजे लाकडी दस्ता. दमट हवेत लाकूड फुगते, कोरड्या हवेत आकसते आणि नळीवरचा त्याचा दाब पालटतो. म्हणूनच ली-एनफील्ड क्रमांक ४ रायफलीत नळीच्या टोकाशी दस्त्याचा वरच्या दिशेने २ ते ७ पौंड दाब असावा, असा दंडक होता. बंगालमधील इशापूरच्या कारखान्यानेही ली-एनफील्ड घडवली आणि तिच्याच रचनेवर ०.३१५ इंची शिकारी रायफल बनवली. आपल्या पावसाळ्यात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही.

म्हणून शोधाचा क्रम असा: आधी दस्त्याचे स्क्रू, मग नळीला टेकणारे लाकूड, शेवटी काडतूस, एका वेळी एकच बदल. नळी एक कला ढळली, तरी १०० मीटरवर गोळी सुमारे ३ सेंटिमीटर सरकते. जंगलात अशा ढळण्याची किंमत जखमी जनावर मोजत असे.

स्थिर चूक दुरुस्त करता येते. बदलत्या चुकीचे मात्र कारणच शोधावे लागते.